चिलटांचा कुलवृत्तांत
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील एका भाषणाचा लेखरूप पाठ)



शंभर वर्षांच्या ग्रंथालयात काव्य, इतिहास आणि संतवाङ्मय यांवर व्याख्याने व्हावीत हे स्वाभाविकच आहे. अशा व्यासपीठावर चिलटांसारख्या क्षुद्र कीटकाचा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु याच ग्रंथालयाच्या कपाटात निरनिराळ्या घराण्यांचे कुलवृत्तांत मांडून ठेवलेले असतात. मूळ पुरुष कोण, त्याच्या शाखा कोठे कोठे पसरल्या, कोणी कोणते आडनाव धारण केले, याचा शोध त्यांत चिकाटीने घेतलेला असतो. चिलटांचाही असाच एक कुलवृत्तांत शास्त्रज्ञ दोनशे वर्षांपासून लिहीत आहेत. तो अद्याप पुरा झालेला नाही आणि त्यात आडनावाचा एक वादही उपस्थित झालेला आहे. तो वाद समजून घेणे, हा या विवेचनाचा हेतू होय.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. पिकलेल्या केळ्यांच्या घडावर, उसाच्या चोथ्यावर किंवा काजूच्या आंबू लागलेल्या बोंडांवर जी इवली, तांबड्या डोळ्यांची माशी घिरट्या घालते, तिला आपण चिलट म्हणतो. शास्त्रात तिचे नाव ड्रॉसोफिला. वर्तमानपत्रांत तिला पुष्कळदा फळमाशी म्हटले जाते. पण आंबा व पेरू यांच्या बागायतदाराला जी फळमाशी ठाऊक आहे, ती निराळ्या कुलातली असून चांगल्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते. चिलटाला सहसा चांगल्या फळाशी काही कर्तव्य नसते. फळ आंबू लागले की त्यावर जे किण्व, म्हणजे यीस्ट, वाढते, ते चिलटाचे व त्याच्या अळीचे खरे अन्न होय.

शास्त्रीय वर्गीकरणातील दोन शब्दही येथे स्पष्ट केलेले बरे. परस्परांत ज्यांची संतती चालते अशा जीवांच्या समुदायाला जाती म्हणतात. निकटच्या नात्याच्या अनेक जाती मिळून एक प्रजाती होते. आणि अनेक प्रजाती मिळून एक कुल. शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जणू आडनाव. दुसरा जातीचा, म्हणजे व्यक्तिनाम. ड्रॉसोफिला हे प्रजातीचे नाव असून तिचा समावेश ड्रॉसोफिलिडी या कुलात होतो. या कुलात आजवर चार हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि त्यांपैकी दीड हजारांहून अधिक जाती एकट्या ड्रॉसोफिला प्रजातीत मोडतात.

हे प्रजातीनाम १८२३ साली कार्ल फ्रेडरिक फालेन या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘दवाची आवड असणारी’. फालेनपूर्वी १७८७ साली फाब्रिसियस याने फ्यूनेब्रिस नावाच्या एका माशीचे वर्णन करून ठेवले होते. पुढे हीच फ्यूनेब्रिस या प्रजातीची प्ररूप जाती ठरली. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार प्रजातीचे नाव तिच्या प्ररूप जातीशी कायमचे बांधलेले असते. घर कितीही वेळा वाटले गेले तरी मूळ आडनाव प्ररूप जातीच्याच वाट्याला जाते. हा नियम ध्यानी ठेवला पाहिजे, कारण पुढील सर्व वाद त्याच्याभोवती फिरतो.

जगभरच्या प्रयोगशाळांत प्रसिद्ध पावलेली माशी मात्र फ्यूनेब्रिस नव्हे. ती ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर, म्हणजे काळ्या पोटाची. १८३० साली मायगेन या जर्मन अभ्यासकाने तिचे वर्णन केले. पुढे १८६२ साली लोव याने याच माशीचे, ती नवी आहे असे समजून, पुन्हा वर्णन केले आणि तिला अँपेलोफिला, म्हणजे द्राक्षवेलीची आवड असणारी, असे नाव दिले. १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना तांबड्या डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि त्यातून आनुवंशिकतेचे नवे शास्त्र उभे राहिले. त्या वेळी मॉर्गन यांच्या निबंधांत ही माशी अँपेलोफिला याच नावाने वावरत होती. मायगेनचे नाव आधीचे असल्याचे ध्यानात आल्यावर लोवचे नाव मागे पडले. म्हणजे या माशीचे नाव एकदा बदललेले आहे, आणि तेही ती कीर्तीच्या उंबरठ्यावर उभी असताना.

त्या कीर्तीचे कारण साधे आहे. ही माशी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर लांब. दुधाच्या बाटलीत केळ्याच्या गरावर सुखाने वाढणारी. २५ अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून प्रौढ माशीपर्यंतचा प्रवास सुमारे दहा दिवसांत पुरा करणारी. आणि गुणसूत्रांच्या अवघ्या चार जोड्या असलेली. मॉर्गन यांचा शिष्य आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याने १९१३ साली या माशीच्या आधारे गुणसूत्रावरील जनुकांचा पहिला नकाशा तयार केला. मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे याच माशीवरील कार्यासाठी १९४६, १९९५, २०११ आणि २०१७ या वर्षीही त्या पारितोषिकाचा मान शास्त्रज्ञांना लाभला. २००० साली तिच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले.

तथापि एका जातीच्या कीर्तीमुळे तिच्या भाऊबंदांकडे दुर्लक्ष होता कामा नये. ड्रॉसोफिलाच्या जाती ओळखणे हे डोळ्यांची परीक्षा पाहणारे काम आहे. शृंगिकेवरील पिसासारखा फाटे फुटलेला केस, पंखाच्या पुढच्या शिरेतील दोन खंड, डोक्यावरील राठ केसांची दिशा ही प्राथमिक लक्षणे. त्यापुढे नराच्या पुढच्या पायावरील फणीसारखी केसांची रांग, अंड्यावरील तंतूंची संख्या, आणि अखेरीस नराच्या जननेंद्रियाचा आकार. १९१९ साली स्टर्टेव्हंट याने सिम्युलन्स या जातीचे वर्णन केले. ती मेलॅनोगॅस्टरशी इतकी मिळतीजुळती की दोन्हींच्या माद्या वेगळ्या ओळखणे तज्ज्ञालाही अवघड जावे. परंतु त्यांचा संकर केला असता वंध्य संतती निपजते. निसर्गाने जेथे भिंत उभी केली आहे तेथे डोळ्याला दार दिसत होते, असे हे उदाहरण आहे. १९४४ साली डोब्झान्स्की व एप्लिंग यांनी स्यूडोऑब्स्क्युरा या अमेरिकन जातीपासून पर्सिमिलिस ही जाती वेगळी केली. तीही अशीच जुळ्या बहिणीसारखी.

अन्नाच्या बाबतीत या प्रजातीचे वैविध्य विस्मयकारक आहे. पुष्कळ जाती आंबलेल्या फळांवर वाढतात हे खरे. पण काही भूछत्रांवर, काही फुलांवर, काही झाडांच्या सालीतून झिरपणाऱ्या रसावर वाढतात. मेक्सिको व अमेरिकेच्या सीमेवरील सोनोरा वाळवंटात पॅकिया ही जाती सेनिटा नावाच्या एकाच निवडुंगाच्या कुजलेल्या भागात वाढते, कारण तिला आवश्यक असणारे विशिष्ट द्रव्य त्या निवडुंगातच मिळते. सेशेल्स बेटांवरील सेशेलिया ही जाती नोनीच्या, म्हणजे आपल्याकडील बारतोंडीच्या, फळावर राहते. त्या फळातील आम्ले तिच्या निकटच्या जातींना मारक ठरतात. तिला मात्र ती मानवतात. कॅरिबियन बेटांवरील कार्सिनोफिला तर जमिनीवरील खेकड्यांच्या अंगावर वाढते. आणि सुझुकी ही पूर्व आशियातील जाती या कुळाचा रिवाज मोडून पिकत आलेल्या निरोगी फळात अंडी घालते. तिच्या मादीचे अंडी घालण्याचे इंद्रिय करवतीसारखे दातेरी असते. २००८ साली ती अमेरिकेतील कॅलिफोर्नियात व युरोपात आढळली आणि तेव्हापासून चेरी व स्ट्रॉबेरीच्या बागायतदारांना तिने त्रस्त केले आहे.

भौगोलिक प्रसाराच्या दृष्टीने या जातींचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग मोजक्या विश्वसंचारी जातींचा. मेलॅनोगॅस्टर मूळची आफ्रिकेतली. पण माणसाच्या फळांच्या टोपल्यांबरोबर ती जगभर गेली. सिम्युलन्स, अननासी, हायडी, इमिग्रन्स, बुस्की, फ्यूनेब्रिस याही अशाच प्रवासी. इमिग्रन्सचा अर्थच परदेशातून येऊन राहिलेली. दुसरा वर्ग फार मोठा. त्यातील जाती आपल्या रानाला, डोंगराला किंवा बेटाला चिकटून असतात.

भारताचा वाटाही येथे सांगितला पाहिजे. अननासी ही जाती आज भारतात घराघरांत आढळते. तिचे मूळ वर्णन १८५८ साली डोलेशाल याने इंडोनेशियातील अंबॉन बेटावरून केले. पंजाबातील मालेरकोटला या गावाचे नाव धारण करणाऱ्या मालेरकोटलियाना या जातीचे वर्णन १९६४ साली पर्शद व पैका यांनी केले. बनारस हिंदू विद्यापीठ आणि म्हैसूर विद्यापीठ ही या अभ्यासाची दोन जुनी केंद्रे होत. म्हैसूरनजीकच्या चामुंडी टेकडीवर ऋतू आणि उंची यांप्रमाणे ड्रॉसोफिलाची संख्या कशी बदलते, याचा २० जातींच्या आधारे केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एकाच टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत वीस जाती! सह्याद्रीच्या रांगांत आणखी काय दडले असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

बनारसच्या जे. पी. गुप्ता यांनी १९७० साली अंगावर रुपेरी पट्टे असलेल्या एका चिलटाचे वर्णन केले आणि त्याला झॅप्रिओनस इंडियानस हे नाव दिले. नावात भारत असला तरी ही माशी मूळची आफ्रिकेतली. १९९९ साली ती ब्राझीलमध्ये आढळली आणि तेथील अंजिराच्या बागांना तिने उपद्रव दिला. २००५ साली ती अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचली. जन्मभूमी एक, नामकरण दुसरीकडे आणि उपद्रव तिसऱ्याच खंडात, असा हा प्रकार. मुलूख सोडून दूर वसलेल्या आणि तेथल्याच गावाने ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबांना यातील पूर्वार्ध तरी अपरिचित वाटू नये.

आता वर्गीकरणाकडे वळावयाचे. दीड हजार जातींचा पसारा एकाच प्रजातीत ठेवायचा तर त्यात कप्पे पाडणे आवश्यक होते. ते काम स्टर्टेव्हंट याने १९३९ व १९४२ सालच्या निबंधांत केले. बाह्य लक्षणांबरोबरच अंडी आणि आतील इंद्रिये यांची रचना विचारात घेऊन त्याने प्रजातीचे अनेक उपप्रजातींत विभाजन केले. फ्यूनेब्रिस ज्या उपप्रजातीत आहे तिचेही नाव नियमाप्रमाणे ड्रॉसोफिलाच. मेलॅनोगॅस्टर ज्या उपप्रजातीत येते तिला त्याने सोफोफोरा, म्हणजे ज्ञानवाहक, असे नाव दिले. विज्ञानाला या माश्यांनी जे दिले, त्याची ही सुरेख पोच होती.

पुढे लालाग्रंथींतील महागुणसूत्रांवरचे पट्टे वाचून नाती ठरवण्याची पद्धत आली आणि त्यानंतर डीएनएचा क्रम वाचण्याची. २००७ साली या प्रजातीतील बारा जातींच्या जनुकसंचांची एकत्र तुलना प्रसिद्ध झाली. या साऱ्या पुराव्यांतून एक अडचणीची गोष्ट निष्पन्न झाली. सोफोफोरा ही शाखा मूळ खोडापासून फार पूर्वी वेगळी झालेली आहे; आणि झॅप्रिओनस, स्कॅप्टोमायझा यांसारख्या ज्या प्रजाती आजवर निराळ्या मानल्या गेल्या, त्या वस्तुतः ड्रॉसोफिलाच्या वंशवृक्षातच, फ्यूनेब्रिसच्या बाजूच्या फांद्यांवर, बसलेल्या आहेत. म्हणजे फ्यूनेब्रिसचे झॅप्रिओनसशी असलेले नाते तिच्या मेलॅनोगॅस्टरशी असलेल्या नात्यापेक्षा जवळचे आहे.

कुलवृत्तांताच्या भाषेत सांगायचे तर असे : एका घराण्याच्या काही शाखांनी हुद्द्यावरून पोतनीस किंवा चिटणीस अशी आडनावे घेतली आणि बाकीचे मूळ आडनावानेच राहिले. कालांतराने कागदपत्रे तपासता असे दिसून आले की, मूळ आडनाव लावणाऱ्या दोन घरांपैकी एक घर पोतनिसांचे सख्खे चुलत आहे आणि दुसरे मात्र कित्येक पिढ्यांपूर्वी दूर गेलेले. आता संपादकापुढे दोन मार्ग राहतात. सर्वांना एकाच आडनावाखाली आणायचे, किंवा दूरच्या घराला नवे आडनाव द्यायचे. जुने लेखन तसेच चालू ठेवले तर नाते व नाव यांचा मेळ बसत नाही.

ड्रॉसोफिलाची वाटणी केली तर मूळ नाव प्ररूप जातीकडे, म्हणजे फ्यूनेब्रिसकडे, जाईल आणि मेलॅनोगॅस्टर ही सोफोफोरा मेलॅनोगॅस्टर होईल. ज्या माशीमुळे ड्रॉसोफिला हे नाव जगाला माहीत झाले, तीच त्या नावाला मुकेल. हे टाळण्यासाठी वर्गीकरणतज्ज्ञांच्या एका गटाने २००७ साली प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे प्रस्ताव ठेवला : फ्यूनेब्रिसऐवजी मेलॅनोगॅस्टर हीच प्ररूप जाती ठरवावी, म्हणजे वाटणी झाली तरी प्रसिद्ध माशीचे नाव अबाधित राहील.

वाद जोराचा झाला. प्रस्तावाच्या बाजूचे म्हणणे असे की, शंभर वर्षांचे लिखाण, पाठ्यपुस्तके आणि वैद्यकीय संशोधन ज्या नावावर उभे आहे, ते नाव एका विस्मृत माशीच्या हक्कासाठी सोडणे हा व्यवहार नव्हे. विरोधकांचे म्हणणे असे की, प्ररूप बदलले तर दुसऱ्या बाजूच्या शेकडो जातींवर नामांतराची पाळी येईल. कीर्तिमान जातीसाठी नियम वाकवला तर नियमाला अर्थ उरणार नाही. आणि मुळात ही वाटणी कधी व कशी करावी याविषयीच एकमत नसताना आधी नावाचा निकाल कशासाठी? आयोगाने २०१० साली प्रस्ताव अमान्य केला. फ्यूनेब्रिस प्ररूप जाती राहिली. प्रजातीची सर्वमान्य वाटणी झालेली नसल्यामुळे मेलॅनोगॅस्टरही आजतागायत ड्रॉसोफिला या नावानेच ओळखली जाते. नात्याचा आणि नावाचा मेळ बसलेला नाही, हे मान्य करून व्यवहार चालू आहे.

या निर्णयाने कोणाचे नुकसान झाले काय? अँपेलोफिलाचा दाखला येथे उपयोगी पडतो. ते नाव गेले म्हणून मॉर्गन यांचा शोध हरवला नाही, कारण कोणीतरी नोंद करून ठेवली की ‘अँपेलोफिला : मेलॅनोगॅस्टर पाहा’. ग्रंथालयाच्या तालिकेत टोपणनावाच्या पत्राखाली लेखकाच्या मूळ नावाकडे वाचकाला नेणारी अशीच नोंद असते. झुरिचच्या गेरहार्ड बेख्ली यांनी जगभरच्या ड्रॉसोफिलिडी कुलाची जुनी-नवी नावे आणि स्थळे यांची जी सूची सिद्ध केली, ती अशाच नोंदींचे भांडार होय. नाव बदलले तरी चालते. वाट दाखवणारी नोंद नष्ट होता कामा नये.

परंतु नावाहून मोठे नुकसान संभवते, आणि त्याचे स्थळ हवाई बेटे हे आहे. प्रशांत महासागरात मुख्य भूमीपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या या ज्वालामुखी बेटांवर ड्रॉसोफिला व तिच्या निकटच्या स्कॅप्टोमायझा मिळून शेकडो जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक जगात अन्यत्र कोठेही नाहीत. १९६३ साली एल्मो हार्डी व विल्सन स्टोन यांच्या पुढाकाराने तेथे मोठी संशोधन योजना सुरू झाली आणि १९६५ साली हार्डी यांचा या कुलावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हॅम्प्टन कार्सन यांनी चित्रित पंखांच्या जातींची गुणसूत्रे वाचून, जुन्या बेटावरून नव्या बेटावर जाणाऱ्या मोजक्या माश्यांपासून नव्या जाती कशा उदयास आल्या, याचा माग काढला. काउआई बेट सुमारे पन्नास लाख वर्षांचे, तर हवाई हे मोठे बेट त्यामानाने अगदी कोवळे. आणि या माश्यांचा वंश मात्र सुमारे अडीच कोटी वर्षांचा. याचा अर्थ त्यांचे पूर्वज आज समुद्रात बुडालेल्या बेटांवर नांदत होते. बेटे बुडत गेली, वंश पुढच्या बेटावर सरकत गेला.

अडीच कोटी वर्षे टिकलेला हा वंश आता संकटात आहे. यांतील कित्येक जाती एखाद्याच झाडाच्या कुजत्या सालीवर वाढतात. माणसाने आणलेली डुकरे व शेळ्या ती झाडे खाऊन आणि तुडवून नष्ट करतात. परदेशी मुंग्या व गांधीलमाश्या माश्यांचा फडशा पाडतात. २००६ साली अमेरिकेच्या शासनाने चित्रित पंखांच्या बारा हवाईयन जातींना कायद्याचे संरक्षण दिले. त्यांपैकी अकरा नामशेष होण्याच्या मार्गावर आणि एक धोक्यात, अशी नोंद आहे. हातोड्यासारख्या रुंद डोक्याची हेटेरोन्यूरा ही त्या अकरांतील एक. तिचे नर समोरासमोर येऊन डोक्याला डोके लावून झुंजतात.

एकीकडे नावासाठी आयोगापुढे वाद चालतो आणि दुसरीकडे ज्यांना नाव मिळाले आहे अशा जाती, तसेच ज्यांना अद्याप मिळालेले नाही अशाही जाती, झाडाबरोबर निघून जातात. आडनाव चुकले तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येते. घरच उठून गेले तर कुलवृत्तांतात त्यासाठी केवळ एक रिकामी ओळ उरते. वर्गीकरणाचे काम निकडीचे आहे ते याच कारणासाठी.

ग्रंथालयाने शंभर वर्षे जे काम केले ते यापेक्षा निराळे नाही. आलेला ग्रंथ ओळखणे, त्याला योग्य जागा देणे, जुन्या नावाने शोधत येणाऱ्याला नव्या जागेपर्यंत पोहोचवणे आणि वाळवीच्या तोंडी काही पडू न देणे, हेच ते काम. पिकल्या केळ्यावरचे चिलट हाताने उडवून लावताना त्याच्यामागे दीड हजार जातींचे गणगोत उभे आहे, एवढे स्मरण या व्याख्यानातून राहिले, तरी ते सार्थकी लागले असे म्हणता येईल.